रिअ‍ॅक्शनसाठी मायक्रोइमल्शन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मायक्रोइमल्शन म्हणजे खूप बारीक थेंबांचं इमल्शनच ना? जोरात ढवळलं की होत नाही का?

नाही, आणि इथेच बहुतेकांची गाडी घसरते. साधं इमल्शन तुम्ही जबरदस्तीने बनवता, होमोजिनायझर लावता, आणि ते आज ना उद्या फुटतंच. नॅनोइमल्शनसुद्धा त्याच जातीचं, थेंब कितीही लहान असले तरी ते फक्त फुटायला जास्त वेळ घेतं. मायक्रोइमल्शन हे तेल, पाणी आणि सर्फॅक्टंट (साबणासारखा रेणू, डोकं पाण्याकडे आणि शेपटी तेलाकडे) यांचं असं मिश्रण आहे जे आपलं आपण बनतं, हाताने हलवलं तरी बास, आणि ते थर्मोडायनॅमिकली स्थिर असतं, म्हणजे त्या तापमानाला त्या कॉम्पोझिशनला ते तसंच राहणार, वर्षभर ठेवलं तरी. थेंब साधारण ५ ते १०० नॅनोमीटर असतात म्हणून प्रकाश फारसा विखुरत नाही आणि द्रावण पारदर्शक दिसतं, फार तर हलकी निळसर झाक. हे शक्य होतं कारण सर्फॅक्टंटमुळे तेल-पाण्यामधला इंटरफेशियल टेन्शन (त्यांच्या सीमेवरचा ताण) प्रचंड खाली येतो, हायड्रोकार्बन आणि पाण्यात तो ५० मिलीन्यूटन प्रति मीटरच्या आसपास असतो तो ०.०१ किंवा त्याहूनही कमी होतो, मग नवीन पृष्ठभाग तयार करायला जवळपास काही खर्चच येत नाही.

होर आणि शुलमन यांनी १९४३ मध्ये असली पारदर्शक मिश्रणं पहिल्यांदा नीट मांडली, मायक्रोइमल्शन हे नाव मात्र १९५९ मध्ये आलं. शुलमन यांची जुनी पद्धत अशी की गढूळ इमल्शन घ्यायचं आणि पेंटॅनॉल किंवा हेक्झॅनॉलसारखा अल्कोहोल थेंब थेंब टाकत जायचं, एका क्षणी सगळं एकदम स्वच्छ होतं. कधी बघितलं नसेल तर एकदा करून बघाच.

रिअ‍ॅक्शनसाठी एवढा खटाटोप कशाला? एखादा कॉमन सॉल्व्हंट घेतला की झालं.

मिळाला तर जरूर घ्या, मी काही मायक्रोइमल्शनचा प्रचारक नाही. प्रश्न तेव्हा येतो जेव्हा एक रिएजंट फक्त पाण्यात विरघळतो (सल्फाइट, सायनाइड, हायपोक्लोराइट असली मिठं) आणि दुसरा फक्त तेलात. फेज ट्रान्सफर कॅटॅलिस्ट आयनला उचलून तेलात नेतो, मायक्रोइमल्शन तसं काही करत नाही, ते दोघांमधली सीमाच अवाढव्य वाढवून ठेवतं, आणि रिअ‍ॅक्शन त्या सीमेवर होते. गाजलेलं उदाहरण मेंगर आणि एलरिंग्टन यांचं, १९९१ चं, मस्टर्ड गॅससारखा वागणारा पण तितका घातक नसलेला सल्फाइड त्यांनी मायक्रोइमल्शनमध्ये हायपोक्लोराइटने ऑक्सिडाइज केला आणि ते काम काही सेकंदांत संपलं.

दुसरं कारण म्हणजे नॅनोकण. १९८२ मध्ये बूतोने आणि सहकाऱ्यांनी प्लॅटिनम, पॅलॅडियम, ऱ्होडियम, इरिडियम यांचे बारीक कण पाण्याच्या थेंबांमध्ये बनवले आणि तेव्हापासून या विषयावर पेपर्सचा पूर आला. तिसरं एन्झाइम, त्यांना तेलात टिकवायचं असेल तर भोवती थोडं पाणी हवं, ते इथे मिळतं.

पहिल्यांदाच करतोय, कुठल्या सिस्टिमने सुरुवात करू?

एओटी (सोडियम डायऑक्टिल सल्फोसक्सिनेट, एक आयनिक सर्फॅक्टंट), आयसोऑक्टेन (हे तेल) आणि पाणी. डोळे झाकून. एओटीला दोन शेपट्या असतात त्यामुळे तो तेलात उलटे मायसेल (डोकी आत, शेपट्या बाहेर असे गोळे) बनवायला मुळातच तयार असतो, को-सर्फॅक्टंट (मदतीचा रेणू, बहुधा अल्कोहोल) लागत नाही, म्हणजे सांभाळायचे व्हेरिएबल एकने कमी. आणि यावर इतकं काम झालंय की तुमचे आकडे कुणाशी तरी ताडून बघता येतात.

हिशोब असा. १०० मिलीलिटरला ०.१ मोलर एओटी हवा तर ४.४५ ग्रॅम घ्यायचं (मॉलिक्युलर वेट ४४४.६). आता पाणी किती, हे डब्ल्यू-नॉटने ठरतं, म्हणजे पाण्याचे मोल भागिले सर्फॅक्टंटचे मोल. डब्ल्यू-नॉट १० हवा तर पाणी १.८ मिलीलिटर, २० हवा तर ३.६. थेंबाच्या आतल्या पाण्याची त्रिज्या नॅनोमीटरमध्ये साधारण ०.१५ ते ०.१७५ गुणिले डब्ल्यू-नॉट एवढी येते, म्हणजे १० ला दीड ते पावणेदोन नॅनोमीटर. एओटी आधी आयसोऑक्टेनमध्ये पूर्ण विरघळू द्या, तो मेणासारखा चिकट गोळा असतो, वेळ लागतो, आणि तळाला चिकटलेला तुकडा दिसत नाही म्हणून फ्लास्क तिरका करून उजेडात बघा. मग मायक्रोपिपेटने किंवा सिरिंजने पाणी टाका, टाकल्या टाकल्या दुधाळ होईल, घाबरू नका, हलवत राहा, एक-दोन मिनिटांत स्वच्छ व्हायला हवं. अर्ध्या तासानेही गढूळच असेल तर काहीतरी चुकलंय.

आणि हो, एओटी हवेतलं पाणी ओढतो. समजा बाटलीतल्या एओटीत वजनाने ३ टक्के पाणी आहे, तर वरच्या हिशोबात ४.४५ ग्रॅममधून १३० मिलिग्रॅमच्या वर पाणी आधीच आलं, म्हणजे एक थेंबही न टाकता डब्ल्यू-नॉट ०.७ च्या पुढे. डब्ल्यू-नॉट २० वर काम असेल तर सोडून द्या, पण २ किंवा ३ वर काम करणाऱ्याचा सगळा डेटा यात वाहून जातो. व्हॅक्युममध्ये वाळवा आणि कार्ल फिशरने (पाणी मोजायचं टायट्रेशन) मोजा.

को-सर्फॅक्टंट लागतोच का?

एसडीएस (सोडियम डोडेसिल सल्फेट) किंवा सीटॅब (सेटिलट्रायमेथिलअमोनियम ब्रोमाइड) वापरणार असाल तर बहुतेक वेळा हो. एक शेपटीचा आयनिक सर्फॅक्टंट इंटरफेसवर फार ताठ फिल्म बनवतो, ब्युटॅनॉल ते हेक्झॅनॉलमधला एखादा अल्कोहोल मध्ये घुसून ती मऊ करतो. नॉन-आयनिकमध्ये (ज्याच्या डोक्यावर विद्युतभार नसतो) बरेचदा गरज नसते, तरी ट्रायटन एक्स-१०० आणि सायक्लोहेक्झेनबरोबर हेक्झॅनॉल सर्रास टाकतात.

पण रिअ‍ॅक्शनच्या बाजूने बघा. अल्कोहोल हा रिएजंट आहे. अ‍ॅसिड क्लोराइड टाकणार असाल तर तो आधी पेंटॅनॉलशी एस्टर बनवून बसेल, लायपेझ (चरबी तोडणारं एन्झाइम) वापरत असाल तर ट्रान्सएस्टरिफिकेशनमध्ये अल्कोहोल स्वतःच भाग घेईल. म्हणून शक्य असेल तिथे अल्कोहोलशिवायची सिस्टिम शोधा असं माझं स्पष्ट मत आहे, मग सर्फॅक्टंट थोडा महाग पडला तरी चालेल.

फेज डायग्रॅम (कुठल्या प्रमाणाला काय बनतं याचा नकाशा) काढावाच लागतो का? पेपरमधली रेसिपी आहे की.

रेसिपी म्हणजे नकाशावरचा एक ठिपका. तो ठिपका कड्याच्या किती जवळ आहे हे पेपरमध्ये लिहिलेलं नसतं. दोन अंश तापमान बदललं, सर्फॅक्टंटची बॅच बदलली, की तुम्ही खाली.

पूर्ण डायग्रॅम नको असेल तर निदान एक रेषा काढा. सर्फॅक्टंट आणि को-सर्फॅक्टंटचं प्रमाण पक्कं करा, त्याचं तेलाशी १:९ पासून ९:१ पर्यंत मिश्रण वेगवेगळ्या वायलमध्ये घ्या, प्रत्येकात वॉटर बाथमध्ये ठेवूनच पाणी थोडं थोडं टाका आणि स्वच्छचं गढूळ कधी होतं, परत स्वच्छ होतं का, ते वजनाने नोंदवा. वजनाने, मिलीलिटरने नाही. प्रत्येक टप्प्याला थांबा, घाईत काढलेला डायग्रॅम नेहमी खोटी गढूळ जागा दाखवतो. एक दिवस जातो पण पुढचा महिना वाचतो.

आयनिक सर्फॅक्टंट असेल तर मिठाचा स्कॅन त्याहून सोपा. एसडीएस, ब्युटॅनॉल, टोल्युइन आणि मिठाचं पाणी ही सिस्टिम क्लासमध्ये दाखवायला उत्तम आहे. मीठ कमी असताना खाली मायक्रोइमल्शन आणि वर जादाचं तेल, मीठ वाढवलं की मधल्या पट्ट्यात तीन थर, आणखी वाढवलं की मायक्रोइमल्शन वर आणि खाली जादाचं पाणी. विन्सर यांनी १९४८ मध्ये हेच प्रकार एक, तीन, दोन असे नंबर देऊन सांगितले, आणि सगळं एकाच फेजमध्ये मावलं की तो प्रकार चार. रिअ‍ॅक्शनसाठी आपल्याला बहुतेक चार हवा असतो, पण प्रकार एक किंवा दोनमध्येही रिअ‍ॅक्शन छान चालते आणि जादाच्या थरात प्रॉडक्ट आपोआप जमा होतं, हे लोक विसरतात.

पाण्याने बनवलं तर काचेसारखं स्वच्छ होतं, रिएजंट टाकले की गढूळ. असं का?

हाच प्रश्न सगळ्यात जास्त येतो, म्हणून जरा सविस्तर. कोरी सिस्टिम स्थिर असणं म्हणजे काहीही सिद्ध झालेलं नसतं. तुमचा रिएजंट, सॉल्ट, बफर, प्रॉडक्ट, बायप्रॉडक्ट हे सगळे त्या मायक्रोइमल्शनचे घटक आहेत आणि प्रत्येकजण ते कुठेतरी ढकलतो. म्हणून स्थिरता तपासायची ती सगळं टाकून, रिअ‍ॅक्शनच्या तापमानाला, आणि सुरुवातीच्या तसंच शेवटच्या कॉम्पोझिशनला.

आधी बघा गढूळपणा कसला आहे. थोडा वेळ ठेवल्यावर तळाला पांढरा साका बसला तर ते फेज सेपरेशन नाही, काहीतरी प्रेसिपिटेट झालंय. सीटॅबच्या सिस्टिममध्ये सिल्व्हर नायट्रेट टाकणारे आजही भेटतात, त्यातला ब्रोमाइड चांदीला धरतो आणि सिल्व्हर ब्रोमाइड पडतं, चांदीसाठी एओटी किंवा नॉन-आयनिक घ्या. एसडीएसमध्ये पोटॅशियम आलं की पोटॅशियम डोडेसिल सल्फेट पडतं, म्हणून पोटॅशियम परसल्फेटऐवजी अमोनियम परसल्फेट, आणि फॉस्फेट बफर करायचा तर सोडियमचा. सीटॅबला परक्लोरेट चालत नाही. थंड खोलीत नुसता सीटॅबच स्फटिक होऊन पडू शकतो, त्याचं क्राफ्ट तापमान (ज्याच्या खाली तो नीट विरघळत नाही) २५ अंशांच्या आसपास आहे.

साका नाही पण दोन स्वच्छ थर झाले, तर फेज सरकली आहे. मीठ हे नेहमीचं कारण. आयनिक सर्फॅक्टंटच्या डोक्यांमधलं एकमेकांना ढकलणं मिठामुळे झाकलं जातं, फिल्म पाण्याच्या बाजूला वाकायला लागते, एओटीच्या थेंबांमध्ये पूर्वीइतकं पाणी मावत नाही आणि जादाचं खाली उतरतं. उपाय, डब्ल्यू-नॉट कमी करा किंवा थोडा जास्त पाणीप्रेमी सर्फॅक्टंट मिसळा.

तेलात विरघळणारा रिएजंटसुद्धा निष्पाप नसतो. लांब साखळीचा अल्किल ब्रोमाइड साध्या तेलासारखा वागेल, पण फिनॉल, अमाईन, कार्बोक्सिलिक अ‍ॅसिड इंटरफेसवर जाऊन बसतात आणि को-सर्फॅक्टंटचं काम करायला लागतात. एक सुंदर उदाहरण, डेसिल ब्रोमाइड आणि सोडियम सल्फाइट. यात बनतं सोडियम डेसिल सल्फोनेट, जो स्वतःच सर्फॅक्टंट आहे, शिवाय सोडियम ब्रोमाइड हे मीठ. म्हणजे सुरुवातीला नॉन-आयनिक असलेली फिल्म रिअ‍ॅक्शन जशी पुढे जाते तशी आयनिक होत जाते. सकाळी स्वच्छ असलेली वायल संध्याकाळी दोन थर दाखवते ती यामुळे, आणि लोक म्हणतात मायक्रोइमल्शन अस्थिर होतं. अस्थिर नव्हतं, ते मायक्रोइमल्शनच आता वेगळं आहे. म्हणून प्रॉडक्ट विकत मिळत असेल तर ५० टक्के आणि १०० टक्के कन्व्हर्जनची खोटी मिश्रणं बनवून आधीच बघून घ्या.

तापमान किती सांभाळायचं?

सर्फॅक्टंटवर आहे. इथॉक्सिलेटेड नॉन-आयनिक फार नाजूक, तापमान वाढलं की त्यांच्या डोक्याभोवतीचं पाणी सुटतं आणि ते तेलाकडे झुकतात. सी-१२-ई-५ (असाच एक नॉन-आयनिक) आणि ऑक्टेनची सिस्टिम ३२-३३ अंशांना उलटते, खाली पाण्यात तेलाचे थेंब, वर तेलात पाण्याचे. तिथे रिअ‍ॅक्शन ४० अंशांवर चालवायची आणि फेज २५ ला तपासायची याला काही अर्थ नाही. आयनिक उलट्या दिशेने सरकतात पण सावकाश. साखरेपासूनचे अल्किल ग्लुकोसाइड तापमानाला फारसं जुमानत नाहीत, गरम करून चालवायच्या रिअ‍ॅक्शनसाठी ते बघण्यासारखे आहेत.

रिअ‍ॅक्शन उष्णता सोडणारी असेल तर बाथचं तापमान म्हणजे आतलं तापमान नव्हे, प्रोब आत टाका.

जे बनलंय ते खरंच मायक्रोइमल्शन आहे का, कसं ओळखू?

पारदर्शक आहे एवढ्यावर जाऊ नका, लॅमेलर लिक्विड क्रिस्टलही (सर्फॅक्टंटचे एकावर एक थर) पारदर्शक दिसू शकतो. दोन पोलरॉइड फिल्म काटकोनात धरा, मध्ये वायल ठेवा, अंधार दिसला तर ठीक, चमकलं तर लिक्विड क्रिस्टल. वायल तिरकी करा, मायक्रोइमल्शन पाण्यासारखं वाहतं, जेलसारखं सरकत असेल तर संशय घ्या.

माझी आवडती टेस्ट फुकटची आहे: तेच घटक तेवढ्याच प्रमाणात दोन वेगळ्या क्रमाने मिसळा. दोन्ही वायल सारख्याच आल्या पाहिजेत. मग एक वायल गढूळ होईपर्यंत गरम किंवा थंड करा, परत मूळ तापमानाला आणा, नुसतं हलवून स्वच्छ झाली पाहिजे. होमोजिनायझर लावल्याशिवाय स्वच्छ होत नसेल तर ते मायक्रोइमल्शन नाही, मग डीएलएसने (विखुरलेल्या प्रकाशावरून थेंबांचा साईज मोजायचं तंत्र) कितीही सुंदर १५ नॅनोमीटर दाखवो.

डीएलएसबद्दल एक गोष्ट, सॅम्पल फार दाट म्हणून लोक सरळ तेल टाकून पातळ करतात. को-सर्फॅक्टंट असलेल्या सिस्टिममध्ये तो अल्कोहोल तेलात पळून जातो आणि तुम्ही मोजता ते वेगळंच काहीतरी. बाहेरच्या फेजमध्ये जेवढा अल्कोहोल आहे तेवढा घातलेल्या तेलाने पातळ करा.

कंडक्टिव्हिटी मीटर असेल तर वापराच. आयनिक सर्फॅक्टंट असेल आणि बाहेर पाणी, तर मिलीसीमेन्सच्या घरात, बाहेर तेल तर जवळपास शून्य, आणि मध्येच शेकडो-हजारो पटींनी उडी मारली तर थेंब एकमेकांना जोडले जाऊ लागलेत, म्हणजे परकोलेशन.

थेंब ४ नॅनोमीटरचा तर कणही ४ नॅनोमीटरचा येणार का?

पुस्तकातलं चित्र तसंच असतं, थेंब म्हणजे साचा. प्रत्यक्षात तसं होत नाही. डब्ल्यू-नॉट १० चा थेंब घ्या, त्रिज्या १.७५ नॅनोमीटर धरली तर आत साधारण ७५० पाण्याचे रेणू. तुमच्या पाण्यात धातूचं मीठ ०.१ मोलर असेल तर एका थेंबात सरासरी सव्वा ते दीड आयन, ०.०१ मोलर असेल तर सात थेंबांमध्ये एक. एका आयनचा कण होत नाही. म्हणजे थेंब आपटतात, काही क्षण एकत्र होतात, माल अदलाबदल करतात आणि वेगळे होतात, एओटीमध्ये साधारण हजार टकरांमधली एखादी यशस्वी होते, पण टकराच इतक्या असतात की सगळं मिलीसेकंदांत मिसळतं. कणाचा साईज मग या अदलाबदलीचा वेग, न्यूक्लिएशन आणि सर्फॅक्टंट कणाला किती चिकटतो यावर ठरतो. डब्ल्यू-नॉटबरोबर साईज वाढतो हे बरेचदा खरं, पण नियम म्हणून धरू नका.

करताना दोन मायक्रोइमल्शन बनवा, एकात धातूचं मीठ, दुसऱ्यात रिड्यूसिंग एजंट, दोन्हींचा डब्ल्यू-नॉट सारखा, मग मिसळा. सोडियम बोरोहायड्राइड वापरत असाल तर हायड्रोजन सुटतो, झाकण घट्ट लावू नका.

पीएच कसा मोजायचा?

तेल बाहेर असेल तर इलेक्ट्रोड बुडवून जो आकडा येतो त्याला अर्थ नाही. जे बफर टाकलं त्याचा पीएच लिहा आणि तसं स्पष्ट सांगा. लक्षात ठेवा की एओटीसारख्या निगेटिव्ह फिल्मजवळ हायड्रोजन आयन गोळा होतात, सीटॅबजवळ हायड्रॉक्साइड, त्यामुळे इंटरफेसवर चालणाऱ्या रिअ‍ॅक्शनला बफरपेक्षा वेगळंच वातावरण मिळतं. आणि तीव्र आम्लात एसडीएस हळूहळू तुटून डोडेकॅनॉल होतो, तीव्र अल्कलीत एओटीचे एस्टर तुटतात. सर्फॅक्टंटही शेवटी केमिकलच.

रेट शंभर पटींनी वाढला. कॅटॅलिसिस झालं का?

आधी हिशोब करा. पाण्यात विरघळणारा रिएजंट एकूण आकारमानाच्या दोन टक्के पाण्यात कोंडलाय, म्हणजे तिथे तो पन्नास पट दाट आहे. दुसरा रिएजंट इंटरफेसवर जमला असेल तर तोही. स्यूडोफेज मॉडेलने पाणी, इंटरफेस आणि तेल या तिघांत वाटणी करून बघितलं की खूपदा खरा रेट कॉन्स्टंट पाण्यातल्या इतकाच, कधी त्याहून कमीच निघतो. वेग वाढला हे खरं, फायदाही खरा, फक्त त्याला कॅटॅलिसिस म्हणायची घाई नको.

प्रॉडक्ट बाहेर कसं काढायचं?

हे रिअ‍ॅक्शन ठरवायच्या आधी ठरवा, नंतर नाही. सेपरेटिंग फनेलमध्ये पाणी ओतून जोरात हलवलंत तर साबणाच्या फेसाशी रात्रभर खेळत बसाल. नॉन-आयनिक असेल तर तापमान बदलून दोन फेज करा, एका फेजमध्ये सर्फॅक्टंटचा मोठा भाग जातो. आयनिक असेल तर मीठ. नॅनोकण असतील तर अ‍ॅसिटोन किंवा इथेनॉल टाकून मायक्रोइमल्शन फोडा, सेंट्रिफ्यूज करा, धुवा, परत सेंट्रिफ्यूज, आणि तरीही थोडा सर्फॅक्टंट चिकटून राहतोच. ऑर्गॅनिक प्रॉडक्ट उडणारं असेल तर डिस्टिलेशन सगळ्यात स्वच्छ, पण फेस येतो म्हणून मोठा फ्लास्क. एओटी सिलिका कॉलममध्येही त्रास देतो आणि एनएमआरमध्ये त्याच्या इथाइलहेक्झिल साखळीचे पीक नेमके तुमच्या अल्किल भागावर येऊन बसतात, त्यामुळे यील्ड काढायला आधी जीसी (गॅस क्रोमॅटोग्राफी) बघा, इंटर्नल स्टँडर्ड टाकून.

तेच मायक्रोइमल्शन परत वापरता येतं का?

प्रॉडक्ट वेगळ्या थरात जात असेल तर हो, पण तयार झालेलं मीठ आतच साठत जातं आणि दोन-चार फेऱ्यांनंतर फेज सरकते. प्रत्येक फेरीआधी कंडक्टिव्हिटी बघा आणि त्या तापमानाला स्वच्छ आहे ना ते बघा. टाकून द्यायची वेळ आली तर सिंकमध्ये ओतू नका, सीटॅब पाण्यातल्या जिवांना फार घातक आहे आणि तेल ज्वालाग्राही. फोडून थर वेगळे करा, तेल सॉल्व्हंट वेस्टमध्ये, पाण्याचा थर वेगळ्या कॅनमध्ये, आणि बोरोहायड्राइड वापरलं असेल तर ते पूर्ण संपल्याशिवाय कॅनचं बूच बंद करू नका.